दिले ३००, गेले १७४

"मालक बदलला, मग आपले शेअर कुणाचे?" बाबांनी चहा घेता घेता विचारलं. त्यांच्या खात्यात एका औषध कंपनीचे ३०० शेअर वीस वर्षं पडून होते. कंपनीच्या प्रवर्तकांनी, म्हणजे मूळ मालकांनी, ५१ टक्के हिस्सा परदेशी प्रायव्हेट इक्विटी फंडाला (कंपन्यांमध्ये मोठे हिस्से घेणाऱ्या फंडाला) विकला होता. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी, तिच्या २०११ च्या नियमांनुसार अशा खरेदीदाराला बाकीच्या भागधारकांकडून आणखी किमान २६ टक्के घेण्याची ओपन ऑफर द्यावीच लागते.

ऑफरचा भाव ६४० रुपये. प्रवर्तकांना दिला त्यापेक्षा कमी भाव आपल्याला देता येत नाही, हे कळल्यावर बाबा खूश. बाजारात तोच शेअर ६०२ ला मिळत होता. का, हे मी स्वतःला विचारलंच नाही. ऑफर लेटरही नुसतं चाळलं.

मंजुऱ्यांमध्ये चार महिने गेले, मग टेंडर करायला, म्हणजे ऑफरमध्ये शेअर देऊ करायला, कामकाजाचे १० दिवस. नेहमीसारखं 'सेल' दाबायचं नसतं. ब्रोकरच्या अ‍ॅपवर 'कॉर्पोरेट अ‍ॅक्शन' या विभागात जाऊन टेंडर करायचं. ओटीपी गेला बाबांच्या जुन्या नंबरवर, तो फोन कपाटात, सिम केव्हाच बंद. नंबर बदलण्यात आठवडा गेला. नवव्या दिवशी एकदाचं टेंडर झालं. शेअर खात्यातच राहतात, पण ब्लॉक होतात, आणि एकदा दिले की मागे घेता येत नाहीत.

बाबांनी पंचांगाच्या मागे हिशेब मांडून ठेवला होता: १,९२,००० रुपये. पण फंड घेणार २६ टक्के आणि लोकांकडे ४९. भाव बाजारापेक्षा चांगला, म्हणून म्युच्युअल फंडांपासून जवळजवळ सगळेच द्यायला आलेले. मग प्रमाणात वाटणी. आमचे १७४ घेतले, १२६ चा ब्लॉक सुटला.

१,११,३६० रुपये जमा झाले. बाबांनी यंदा दुसरं काही विकलं नव्हतं, त्यामुळे दीर्घकालीन नफ्याच्या सव्वा लाखाच्या मर्यादेत बसून कर शून्य. ऑफर संपताच बाजारभाव मात्र ५६० वर आला. त्यात फंडाकडे ५१ आणि २६ मिळून ७७ टक्के. नियमाने मालकाला ७५ च्या वर ठेवता येत नाही, म्हणून वरचा हिस्सा फंडाला वर्षभरात पुन्हा विकावा लागणार.

रात्री मी हिशेब केला. उरलेले १२६ शेअर ५६० ने धरून एकूण १,८१,९२०. पहिल्याच दिवशी बाजारात ६०२ ला सगळे विकले असते तर १,८०,६००.

"म्हणजे एवढ्या धावपळीचे १,३२०," बाबा म्हणाले. "नवं सिम केवढ्याला पडलं?"