वहीचं मागचं पान

आज पुण्यात शास्त्री रोडला टपरीवर चहा घेताना शेजारच्या पोराची वही उघडी दिसली. पुढे राज्यघटनेची कलमं, मागच्या पानावर पेन्सिलीने:

आई विचारते, जेवलास का?
बाबा विचारतात, निकाल कधी?
मी दोघांनाही 'हो' म्हणतो.

तिसऱ्या ओळीला चहाचा घोट घशातच अडला. (दुसऱ्याची वही वाचली, कबूल.) एमपीएससीचा चौथा प्रयत्न. खुल्या प्रवर्गाला वयाची अट 38, हा 29चा. पण गावात आत्तापासूनच 'साहेब' म्हणतात, आणि नापास होण्यापेक्षा तेच जास्त टोचतं म्हणे.

"कविता करतोस?" विचारलं, तर वही झटकन मिटली. "नाही ओ दादा, असंच." मग पुन्हा उघडून कलम 14 पुटपुटायला लागला. चहा तसाच गार.