मेडल लावायचं की रिबन? आमच्या ग्रुपवरचा दरवर्षीचा वाद

दर २६ जानेवारीला आमच्या फॅमिली ग्रुपवर हा प्रश्न येतो म्हणजे येतोच. सकाळी परेड बघताना जवानांच्या छातीवर मेडलं कशी लखलखत असतात, आणि रात्री बातम्यांत एखादे जनरल साहेब बोलताना दिसले की त्यांच्या छातीवर नुसत्या रंगीत पट्ट्या, लगेच मामेभाऊ टाकणार, "ह्यांची मेडलं कुठं गेली, घरी विसरले काय?" मग कोणीतरी ठोकून देणार की मोठ्या साहेबांना पट्ट्या असतात आणि जवानांना मेडल. दुसरा म्हणणार पट्टी म्हणजे मेडल अजून मिळालं नाही, वेटिंगवर आहे. आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, चोवीस वर्षं बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर लोकांत, काढलेला माणूस, ते सगळं वाचून फक्त एक अंगठा टाकतात. अंगठा कुणाला टाकला ते कधी कळत नाही.

तर ह्या वर्षी मीच लिहायचं ठरवलं, निदान लिंक तरी टाकता येईल.

सोपं आहे खरं तर. पट्टी आणि मेडल ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. मेडल ज्या फितीला लटकतं तीच फीत, तिचाच छोटा तुकडा आडव्या पट्टीवर बसवला की झाली रिबन. रोजच्या कामाच्या युनिफॉर्मवर, ऑफिसला, प्रेससमोर, मीटिंगला रिबन. परेड, सलामी, राष्ट्रपतींसमोर, मोठ्या समारंभाला सेरेमोनियल ड्रेस आणि त्यावर पूर्ण मेडलं. रात्री मेसमध्ये जेवायचा जो नटवा ड्रेस असतो त्यावर तिसराच प्रकार, मिनिएचर, म्हणजे तीच मेडलं साधारण निम्म्या आकारात. कॉम्बॅट ड्रेसवर काहीच नाही, तिथं फक्त नाव आणि रँक. म्हणजे जनरल असो की शिपाई, कार्यक्रम कुठला आणि ड्रेस कुठला त्यावर ठरतं. लष्करप्रमुखसुद्धा आर्मी डेच्या परेडला सगळी मेडलं लटकवून येतात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात रिबन लावूनच बसतात. २०२५ ला ही परेड आपल्या पुण्यात खडकीला झाली, बॉम्बे सॅपर्सच्याच सेंटरमध्ये, त्यामुळे आमच्या घरात त्या दिवशी टीव्हीसमोरून कोणी हललं नाही. ती चार पायांची रोबोट खेचरं चालत आली तेव्हा आई खो खो हसली आणि अण्णा मात्र तुकड्या जवळून दाखवल्या की कुणाच्या छातीवर काय लागलंय ते वाचत बसले.

वाचत म्हणजे खरंच वाचत हो. हे मी लहानपणापासून बघतेय. अण्णा खडकी बाजारात भेटलेल्या अनोळखी फौजीच्या छातीकडे एक नजर टाकतात आणि मग बोलायला सुरुवात करतात ती थेट "सियाचिनला कुठल्या पोस्टवर होतास रे" इथून. समोरचा गार. रिबन म्हणजे फौजीचा सातबारा आहे, कुठं राहिला, किती वर्षं राहिला, कुठल्या गडबडीत सापडला, काय मिळवलं, सगळ्या नोंदी तिथं, फक्त वाचता यायला पाहिजे. सुरुवात सगळ्यात वरच्या ओळीपासून, आणि ओळीत जे छातीच्या मध्याकडे असेल ते मोठं, बाहेर दंडाकडे जाईल तसं ज्येष्ठतेत खालचं. म्हणजे समोर उभं राहून बघणाऱ्याला ते डावीकडून उजवीकडे, वरून खाली, अगदी पुस्तकाच्या पानासारखंच वाचता येतं. पिवळसर सोनेरी फीत आणि मधे गडद निळी उभी रेघ एक असेल तर परम विशिष्ट सेवा, दोन असतील तर अति विशिष्ट, तीन असतील तर साधं विशिष्ट सेवा मेडल. उलटा हिशोब आहे, रेघा कमी तेवढा मान जास्त. हिरव्या फितीवर भगवी रेघ एक असली तर अशोक चक्र, दोन कीर्ती, तीन शौर्य, तिथंही तोच उलटा हिशोब. वीर चक्र अर्धं निळं अर्धं भगवं, महावीर चक्र अर्धं पांढरं अर्धं भगवं. एवढं पाठ केलं तरी पुढच्या २६ जानेवारीला घरातल्या लोकांवर छाप पडेल, मी सांगते.

आणि सगळ्यात गंमत परमवीर चक्राची. त्याची फीत साधी जांभळी. बस्स. रेघ नाही, ठिपका नाही. आजूबाजूला इतक्या रंगीबेरंगी पट्ट्या असताना नवख्या माणसाची नजर तिच्यावर ठरणारच नाही, आणि देशातलं सगळ्यात मोठं युद्धातलं पदक तेच. बरं मेडलसुद्धा चांदीचं नाही, सोन्याचं तर नाहीच, ब्राँझचं, व्यास जेमतेम ३५ मिलिमीटर. खालची महावीर आणि वीर चक्रं चांदीची आणि वरचं हे ब्राँझचं! मधे राजमुद्रा आणि चारी बाजूंना इंद्राची चार वज्रं. हे डिझाइन केलं सावित्रीबाई खानोलकरांनी, जन्मानं स्वित्झर्लंडच्या, लग्न करून खानोलकरांच्या घरात आल्या, नवरा फौजेत अधिकारी. दधीची ऋषींनी स्वतःची हाडं दिली आणि त्याचं वज्र झालं ही गोष्ट त्यांना आपल्यातल्या कित्येकांपेक्षा नीट माहीत होती. आता बघा, हे वज्र, ती गोष्ट, ते सगळं मेडलवर आहे. रिबनवर नुसता जांभळा तुकडा.

ब्रिटिशांना हीच अडचण व्हिक्टोरिया क्रॉसला, म्हणजे त्यांच्या सगळ्यात मोठ्या शौर्यपदकाला, आली होती, त्याचीही फीत एकरंगी, गडद लाल. मग १९१७ पासून नुसती रिबन लावताना तिच्यावर एक इवलासा क्रॉस बसवायला लागले, म्हणजे लांबूनही कळावं. आपल्याकडे परमवीरला वज्राची छोटी प्रतिकृती रिबनवर बसवायची तरतूद आहे, पण कधी, तर तेच पदक दुसऱ्यांदा मिळालं तर. आतापर्यंत २१ जणांना मिळालं, त्यातल्या १४ जणांना मरणोत्तर, दुसऱ्यांदा अजून कोणालाच नाही. त्यामुळे ते छोटं वज्र कागदावरच राहिलंय. मला विचाराल तर ते तसंच बरं आहे, साधी जांभळी फीत ज्याला ओळखता येते त्याला येते.

आता माझं मत. सर्व्हिसमधल्या माणसानं जास्तीत जास्त वेळा रिबनच लावावी. कारण अगदी व्यवहारी आहे, जागाच नाही हो! फीत रुंदीला ३२ मिलिमीटर, जुना सव्वा इंच. अण्णांची मेडलं सात. कारगिलच्या वेळचं ऑप विजय मेडल (स्टार नाही हं, स्टार प्रत्यक्ष लढाईच्या भागात होते त्यांना, अण्णा दर वेळी हे स्वतःहून सांगतात), मग ऑप पराक्रम (संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर फौज उभी केली तेव्हाचं), सैन्य सेवा, हाय अल्टिट्यूड, १९९७ चं स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं, वीस वर्षं नोकरीचं आणि नऊ वर्षांचं. सात गुणिले ३२ म्हणजे २२४ मिलिमीटर, नऊ इंच झाले जवळजवळ. बटणांच्या रांगेपासून बाहीच्या शिवणीपर्यंत कोणाच्या छातीवर नऊ इंच असतात? मग मेडलं एकमेकांवर चढवावी लागतात, पहिलं पूर्ण दिसतं आणि पुढच्यांच्या नुसत्या कडा. हे सातांचं, आणि आत्ताच्या पोरांना २०२२ चं पंचाहत्तरीचं धरून दहा-बारा सहज होतात. अण्णांची रिबन मात्र तीन-तीनच्या ओळी आणि वर एकटं एक, चार इंचात सगळी नोकरी मावते आणि एकही पट्टी झाकत नाही.

आवाज हा दुसरा मुद्दा. लटकती मेडलं चालताना खुळखुळतात. परेडला तो आवाज भारी वाटतो, शंभर माणसं एका तालात आणि वर ती खळखळ. पण रोज ऑफिसात, जिना चढताना, जेवताना? ब्रिटिशांकडे एक प्रकार आहे, कोर्ट माउंटिंग म्हणतात, फीत मेडलच्या मागून खालपर्यंत ताणून घ्यायची आणि मेडल तिच्यावर टाचून टाकायचं, म्हणजे हलत नाही, वाजत नाही. व्हिक्टोरिया राणीला खळखळाट सहन व्हायचा नाही म्हणून हे आलं असं सांगतात, खरंखोटं ती राणीच जाणे. अण्णांना हा प्रकार अजिबात पसंत नाही. "हललंच नाही तर मेडल कसलं, बिल्ला झाला तो."

आणि रिबन म्हणजे मेडलची धाकटी बहीण असं समजायचंही कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात तर रिबन आधी आली आणि मेडल नंतर. आफ्रिका स्टारसारख्या पदकांच्या फिती लढाई चालू असतानाच, १९४३ पासून द्यायला लागले, धातूची मेडलं युद्ध संपल्यावर तयार झाली. आपले मराठा लाइट इन्फंट्रीचे लोक आफ्रिकेत लढले, मग इटलीत लढले, यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये तिथंच पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या पिढीतल्या कितीतरी जणांनी लढताना छातीवर फक्त फीतच बघितली असणार, ती पितळी चांदणी हातात यायच्या आधीच काही जण गेले.

पण एका ठिकाणी रिबन साफ हरते आणि ते मान्य करायला पाहिजे. सैन्य सेवा मेडलवर फितीच्या मधोमध धातूची एक बारीक आडवी पट्टी असते, क्लॅस्प, तिच्यावर तुम्ही कुठं होता ते लिहिलेलं असतं. अण्णांच्यावर जम्मू काश्मीरचं. रिबनमध्ये ते येत नाही. आणि मेडलच्या कडेला, नाण्याच्या कडेला खाचा असतात ना तशा जागी, नंबर, रँक आणि नाव ठोकलेलं असतं. अण्णांचं मेडल बोटात धरून उजेडाकडे तिरकं केलं की दिसतं, अक्षरं एका सरळ रेषेत नाहीत, एक आकडा किंचित वर गेलाय. रिबनवर कोणाचं नाव नसतं, ती कुठल्याही दुकानात कापून मिळते. आणि आता मेडलंही दुकानात मिळतात म्हणा, पुण्यात कॅम्पात जा, दिल्ली कॅन्टला गोपीनाथ बाजारात जा, यादी दिली की सेट तयार. सरकारी मेडल हातात पडायला वेळ लागतो, परेड थांबत नाही, म्हणून बरेच जण तीच लावतात. पण कडेला नाव नसलेलं ते मेडल अण्णा हातात घेऊन लगेच खाली ठेवतात, काही बोलत नाहीत.

रिटायर झालेल्यांबद्दल माझं मत बरोबर उलटं आहे. त्यांनी पूर्ण मेडलंच लावावीत. झेंडावंदनाला, शहीद स्मारकावर, तालुक्याला माजी सैनिकांच्या मेळाव्याला, ब्लेझरच्या डाव्या बाजूला, मस्त सगळी. युनिफॉर्म परत गेला, रँक नावापुढं उरली, आता कोणाला सातबारा वाचून दाखवायचाय? समोर झेडपीच्या शाळेची पोरं असतात, त्यांना हात लावता येईल असं काहीतरी पाहिजे. आमच्या गावात एका पोरानं अण्णांना विचारलं होतं "आजोबा ह्यातलं सगळ्यात भारी कुठलं?" आणि अण्णांनी नऊ वर्षांचं दाखवलं, सगळ्यात शेवटचं, अगदी कडेचं. का तर म्हणे पहिली नऊ वर्षं काढणं सगळ्यात अवघड, नंतर सवय होते. आई शेजारी उभी होती, ती म्हणाली सवय त्यांना झाली, आम्हाला नाही.

आणि घरातल्या गेलेल्या माणसाची मेडलं असतील तर ती उजव्या बाजूला. हे कितीतरी लोकांना माहीत नाही आणि मग फोटोखाली कमेंटी येतात की "चुकीच्या बाजूला लावलंय". चुकीचं नाहीये. डावी बाजू स्वतः कमावलेल्याची, उजवी दुसऱ्यानं कमावलेल्याची. शहिदाची बायको, आई, वडील, मुलं स्मारकावर मानवंदनेच्या कार्यक्रमाला ती मेडलं उजवीकडे लावू शकतात, आपल्या आर्मीनं ह्याला परवानगी दिलीय, बरीच उशिरा दिली हे माझं मत. साडीवर मेडल लावायची सोय कोणत्याच टेलरनं काढलेली नाही ते वेगळं, जड असतात ती, पदर ओढला जातो. एका कार्यक्रमात एका वहिनींनी आतून जाड कापडाची पट्टी टाचून घेतलेली मी बघितली, त्यांना विचारून मी तो जुगाड लिहून ठेवलाय, कोणाला लागला तर मेसेज करा.

ब्रासोचं पण सांगून टाकते कारण हे नेहमी विचारतात. मेडल चमकवताना फितीला ब्रासो लागला की तो डाग जन्मात जात नाही. अण्णा जुन्या पोस्टकार्डाला खाच पाडून ती मेडलच्या गळ्यात अडकवतात, फीत मागे राहते, मग घासतात. आणि फ्रेम करून भिंतीवर लावायची असतील तर उन्हाच्या भिंतीवर लावू नका, फिती उडतात, आमच्याकडे एका फ्रेममधला भगवा रंग आता जवळजवळ दुधी भोपळ्याच्या गराचा झालाय.

राहता राहिला शाळांच्या गॅदरिंगमधला फौजी. भाचा गेल्या वेळी फॅन्सी ड्रेसला "कर्नल" झाला होता, भाड्यानं आणलेला चट्टेपट्टे कॉम्बॅट ड्रेस, त्यावर प्लास्टिकची सोनेरी मेडलं, त्याच्या वर रिबनींच्या दोन ओळी, म्हणजे दोन्ही एकदम आणि तेही कॉम्बॅटवर, आणि सहाच्या सहा रिबनी एकाच रंगाच्या. अण्णांनी त्याला जवळ बोलावलं, वाकून नीट बघितलं आणि म्हणाले, "कर्नल साहेब, तुम्ही नोकरी एकच केलीय, सहा वेळा." मग कात्री मागवली. बहिणीनं हातात दिली नाही, डिपॉझिट भरलं होतं तिनं.