युवर्स... पुढे काय?

इंग्रजी अर्ज लिहिताना पेन अडतं ते शेवटच्या दोन शब्दांपाशी. मजकुराचं काय, ‘विथ रेफरन्स टू’ म्हणून सुरुवात केली की पुढचं आपोआप सुचत जातं. ‘युवर्स’ लिहून झालं की मात्र भले भले थबकतात. फेथफुली की सिन्सियरली?

नियम ब्रिटिशांचा आहे आणि तसा सोपा आहे. वर ‘डियर सर’ किंवा ‘डियर मॅडम’ असेल, म्हणजे माणसाचं नाव घेतलेलं नसेल, तर खाली फेथफुली. ‘डियर मिस्टर कुलकर्णी’ असं नावानिशी लिहिलं असेल तर सिन्सियरली. लक्षात ठेवायला एक युक्ती सांगतात: सरचा एस आणि सिन्सियरलीचा एस एका पत्रात नांदत नाहीत. म्हणजे ज्याचं नावही माहीत नाही त्याच्याशी एकनिष्ठ राहायचं, आणि कुलकर्ण्यांशी नुसतं प्रामाणिक असलं तरी चालतं! अमेरिकनांनी ही भानगडच ठेवली नाही, ते सगळ्यांना सिन्सियरलीवर वाटेला लावतात. आपल्या लाडक्या ‘रिस्पेक्टेड सर’खाली अर्थातच फेथफुली. आणि त्यातला एफ लहान लिपीतला. मोठा फक्त वाय.

खरा घोळ ‘युवर्स’मध्येच आहे. कुठलाही हस्तलिखित अर्ज घ्या, आर आणि एसच्या मध्ये, वरच्या बाजूला एक अपॉस्ट्रॉफी लोंबकळत असते. ती तिथे नको. नामाला मालकी दाखवायला ती लागते, पण हर्स, अवर्स, देअर्स या मंडळींना लागत नाही, तशीच युवर्सलाही नाही. मात्र या चुकीवर फार नाक मुरडू नये. अठराव्या शतकात चांगले शिकलेले इंग्रजही ती सर्रास लावायचे.

मला जास्त गंमत वाटते ती ‘थँकिंग यू’ची. त्याच्यापुढे आपण कधी पूर्णविराम देतो, कधी स्वल्पविराम, आणि दोन्ही वेळा मनात शंका असतेच. कारण ते वाक्य अर्धवट आहे. मूळ घाट असा: ‘थँकिंग यू, आय रिमेन, युवर्स फेथफुली’, आणि खाली सही. सगळं मिळून एकच वाक्य, सहीपाशी पूर्ण होणारं. मधलं ‘आय रिमेन’ काळाच्या ओघात गळलं आणि ‘थँकिंग यू’ बिचारं अधांतरी राहिलं. म्हणून पूर्णविरामच द्यायचा असेल तर सरळ ‘थँक यू’ लिहावं.

या शेवटच्या ओळीतल्या नम्रतेवर विसंबून राहण्यात मात्र अर्थ नाही. 1804 साली अमेरिकेत एरन बर आणि अलेक्झांडर हॅमिल्टन या राजकारणातल्या दोन हाडवैऱ्यांनी एकमेकांना जी जहरी पत्रं पाठवली, त्यांच्या खाली ‘युवर ओबीडियंट सर्व्हंट’ होतं. मग या आज्ञाधारक सेवकांनी पिस्तुलं काढली आणि हॅमिल्टन जिवानिशी गेला. गांधीजींनी 2 मार्च 1930 रोजी व्हाइसरॉय आयर्विनला लिहिलेलं पत्र ‘डियर फ्रेंड’ने सुरू होतं आणि ‘आय रिमेन, युवर सिन्सियर फ्रेंड’ने संपतं. दहा दिवसांनी ते दांडीच्या वाटेला लागले. तिथला ‘सिन्सियर’ मला तरी ठरीव वाटत नाही.

आपल्याकडे पत्राच्या शेवटाला खरंखुरं काम असायचं. शिवाजी महाराजांच्या पत्रांत मजकूर संपला की ‘मर्यादेयं विराजते’ अशी मोर्तब उठवलेली दिसते. पत्राची हद्द इथे संपली, पुढे कुणी आगाऊपणाने ओळ घुसडायची नाही. फेथफुलीकडून एवढी राखण होत नाही. तिच्याखाली सहीपुरती जागा सोडायची, नाव नीट वाचता येईल असं लिहायचं आणि पाकीट बंद करायचं.