विल्नियसहून: कलावंत नावाचा अधिकारी

लिथुआनियन भाषेत 'मेनिनिंकास' म्हणजे कलावंत. इथे हा शब्द आदराने उच्चारतात, त्याला कारणही तसंच आहे. १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षं रशियन झारच्या राज्यात लॅटिन लिपीत लिथुआनियन छापायला बंदी होती. पुस्तकं शेजारच्या जर्मन मुलखात, पूर्व प्रशियात छापायची आणि पाठीवरच्या गाठोड्यातून चोरून सीमेपार आणायची. अशा देशात सिगितास पारुल्स्किस यांनी 'मेनिनिंकास' हे नाव एसएस या हिटलरच्या नाझी दलातल्या एका अधिकाऱ्याला दिलं आहे. कादंबरी 'तामसा इर पार्तनेरियाय', म्हणजे काळोख आणि भागीदार, २०१२ ची.

काळ १९४१, लिथुआनिया नाझी जर्मनीच्या ताब्यात. विन्सेंतास फोटोग्राफर आहे, त्याची प्रेयसी युदिता ज्यू. तिचा जीव वाचावा म्हणून तो या अधिकाऱ्याशी सौदा करतो: ज्यूंच्या कत्तलींचे फोटो काढून द्यायचे. म्हणजे चौकट कुठे धरायची, उजेड कुठून घ्यायचा, हे रोजचे धंद्यातले प्रश्न आता खड्ड्याच्या काठावर सोडवायचे. तो बंदूक चालवत नाही. पण फोटो चांगला यावा असं मनात आलं, की त्याच क्षणी तो त्या कामात सामील होतो. कादंबरीची सगळी ताकद मला या एका जागी दिसते.

पारुल्स्किस मूळचे ओबेल्यायचे. एसएसच्या येगर अहवालात, म्हणजे मारलेल्या ज्यूंच्या हिशेबात, त्या गावासमोर २५ ऑगस्ट १९४१ ची नोंद आहे: पुरुष ११२, बायका ६२७, मुलं ४२१. पुढे बेरीज, ११६०. किराणा दुकानाच्या वहीत असावी तशी. मारणाऱ्यांत लिथुआनियन माणसंही होती, हे या समाजाने फार उशिरा बोलायला घेतलं.

आपल्या कादंबऱ्यांतला कलावंत बहुतेक वेळा सोसणारा असतो: जग निष्ठुर, तो निर्मळ. आपल्या लेखकांच्या बाजूने एवढं नक्की म्हणेन, की त्यांच्या कलावंताला कुणी अशा खड्ड्याशी नेऊन उभं केलं नाही. आणि दलित आत्मकथनांनी 'मी हे पाहिलं' म्हणण्याची जी किंमत मोजली, ती इथल्या कुणाहून कमी नाही. तरीही कलेच्याच हातांवर संशय घेणारी कादंबरी आपल्याकडे मला हवी आहे.

वाचायची असेल तर कार्ला ग्रुओदिस यांचा इंग्रजी अनुवाद २०१८ सालचा आहे. त्या वर्षी लंडन पुस्तक मेळ्यात बाल्टिक देशांवर भर होता. श्केमा यांच्या 'बाल्ता द्रोबुले'चा, म्हणजे पांढऱ्या कफनचा, अनुवादही त्यांचाच आणि त्याच वर्षीचा. ती मूळ १९५८ ची, पण आधी तीच घ्या. तिचा नायक गार्श्वा देशोधडीला लागलेला कवी, न्यूयॉर्कच्या हॉटेलात लिफ्ट चालवतो. 'अप, डाउन' हे शब्द पालुपदासारखे येत राहतात. घाई केलीत तर कंटाळा येईल. ती कवितेसारखी सावकाश वाचावी.

गाव्हेलिस यांचा 'विल्नियस पोकर' (१९८९) मात्र सुरुवातीला नको. निवेदक चार, पहिल्याचाच भाग सगळ्यात मोठा, आणि पुढचे त्याला खोटं पाडतात. पहिल्यावर विश्वास ठेवून बरेच जण मध्येच पुस्तक मिटतात. चौथा निवेदक जॅझ वाजवणारा गणितज्ञ आहे, मेल्यावर कुत्रा होऊन बोलणारा. तिथवर जायलाच हवं.

युर्गा इवानाउस्काइते चित्रकलेतून लेखनात आल्या आणि पुढे आपल्या धरमशाळेत तिबेटी निर्वासितांमध्ये राहिल्या. त्यावर त्यांनी पुस्तकं लिहिली आहेत.

उन्दिने राद्झेविच्यूते यांच्या 'झुव्हीस इर द्राकोनाय' (२०१३) मध्ये, म्हणजे मासे आणि ड्रॅगनमध्ये, कास्तिल्योने येतो. हा मिलानचा जेझुइट, म्हणजे ख्रिस्ती धर्मसंघातला, चित्रकार १७१५ मध्ये बीजिंगला पोचला आणि तीन सम्राटांच्या पदरी राहिला. युरोपात चेहऱ्याला उठाव आणायला एका गालावर सावली टाकतात. चिनी दरबाराला तो डाग वाटे. मग त्याने उजेड समोरून घेतला आणि गालावरची सावली पुसट करत नेली.