लोकं, लेडीज आणि अंडी

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. मॅन-मेन, फूट-फीट, टूथ-टीथ, ऑक्स-ऑक्सन हे सगळं सर पाढ्यांसारखं घोकून घ्यायचे. 'का' विचारायचा प्रश्नच नव्हता; बे एके बे का, असं तरी कुणी विचारतं? परवा भाच्यानं मात्र विचारलं, "मामा, रूटचं रूट्स होतं, मग फूटचं फूट्स का नाही?"

उत्तर मला आत्ता कुठे, पन्नाशीत माहीत झालंय. फार पूर्वी या शब्दाच्या अनेकवचनाच्या शेपटीत एक 'इ' होता. त्याच्या ओढीनं अलीकडचा 'ओ' सरकत सरकत 'ए' झाला. पुढे ती शेपटी झडली, सरकलेला स्वर तसाच राहिला. गाडी गेली, चाकोरी राहिली. असे मोजून सात शब्द उरलेत: पुरुष, बाई, पाय, दात, हंस, उंदीर आणि ऊ. रोज तोंडात असणारे, म्हणून तगले. 'बुक'सुद्धा याच घराण्यातलं. ते एसच्या रांगेत गेलं नसतं, तर आज आपण एक बुक, दोन बीच म्हणत असतो. पण त्या काळच्या घरात पुस्तकांपेक्षा उवाच जास्त असणार.

'चिल्ड्रन'ची गंमत वेगळी. 'चिल्डर' हे आधीच अनेकवचन होतं. लोकांना ते पुरेसं वाटेना, म्हणून वर आणखी एक 'एन' चढवला. हसू नये. 'लोक' म्हणजे अनेक माणसंच, तरी आपण 'लोकं' म्हणतोच. (माझी आई अजून टोकते.) उलटंही होतं. 'पीज' म्हणजे मटार, हे मुळात एकवचन. शेवटच्या 'ज'मुळे ते अनेकवचन वाटलं आणि लोकांनी त्यातून एकटा 'पी' सोलून काढला. आपल्याकडे बसमध्ये "एक लेडीज उतरायचीय" असं ऐकू येतं, तेव्हा कंडक्टरला नावं ठेवायचं मी सोडून दिलंय.

सगळ्यात आवडती गोष्ट अंड्यांची. इंग्लंडात छपाई सुरू करणाऱ्या कॅक्स्टननं ती 1490 साली लिहून ठेवली. काही व्यापारी थेम्समधून नेदरलँड्सकडच्या झीलंडला निघाले होते. वारा पडला म्हणून किनाऱ्यावर उतरले. एकानं एका घरी 'एग्ज' मागितली. घरची बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! शेवटी दुसरा कुणीतरी 'आयरन' म्हणाला, तेव्हा बाईला उमगलं. 'आयरन' हे अंड्याचं तिथलं जुनं अनेकवचन, चिल्ड्रनच्या गोतातलं. 'एग' हा उत्तरेकडून, स्कॅन्डिनेव्हियाच्या नॉर्स लोकांकडून आलेला शब्द. पुढे एग्ज जिंकली. पण त्या दिवशी त्या उंबऱ्यावर इंग्रजी कुणाचं खरं होतं? माझं मत बाईच्या बाजूनं.

भाच्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि वही पुढे ओढली. "मामा, मराठीत उंदीरचं अनेकवचन काय?"

"उंदीर."

"एक उंदीर, दोन उंदीर?"

"हो."

"आणि ऊ?"

"उवा."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा नियम मीच केला होता.