कॅप्स लॉकची बदली: नोंद तिसरी

जुन्या डेस्कटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) पुन्हा टाकलं. कीबोर्डसाठी इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीचा प्रमाण लेआउट, निवडला की इन्स्टॉलर सोबत इंग्रजी लेआउट आपणहून घेतो आणि विचारतो, दोघांत अदलाबदल कुठल्या बटणानं करायची? मागच्या खेपेला घाईघाईत ‘उजवा ऑल्ट’ सांगून मोकळा झालो होतो. फसलो तिथेच. उजवा ऑल्ट म्हणजे ऑल्टजीआर, बटणांवरची जादा चिन्हं काढायचं बटण; तो अदलाबदलीत गेला आणि ऑल्टजीआर-४ वरचं ₹ हातचं गेलं. मग आठवडाभर ‘रु.’वर भागवलं.

या वेळी आधी कागदावर वाटणी केली. शिफ्टला हात लावायचा नाही, हे पहिलं ठरलं. इंग्रजीत ती कॅपिटलपुरती, पण इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टशिवाय ‘कैऱ्या’ होत नाहीत: के, डब्ल्यू, शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई. आपला ळही शिफ्ट-एनवरच. उजवा ऑल्ट ऑल्टजीआरच राहिला, अदलाबदल मेन्यूच्या बटणाला दिली (ते बटण इतकी वर्षं नुसतं धूळ खात होतं).

कॅप्स लॉक झाला कंट्रोल. त्यात नवलाई काही नाही, १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर ‘ए’च्या डावीकडे कंट्रोलच होता. बिचारा माहेरी परतला एवढंच.

इन्स्टॉलर कॅप्सबद्दल असं काही विचारत नाही. ते नंतर ‘एटीसी’मधल्या ‘डीफॉल्ट’ फोल्डरच्या ‘कीबोर्ड’ फाइलीत, एक्सकेबी-ऑप्शन्सच्या (कीबोर्डच्या पर्यायांच्या) ओळीत लिहिलं. ती फाइल लागू करणारी सेटअपकॉन ही आज्ञा चालवली, काळ्या कन्सोलवर लगेच लागू. खूश होऊन ग्नोममध्ये (खिडक्या-मेन्यूंच्या डेस्कटॉपमध्ये) लॉगिन केलं तर कॅप्स पुन्हा कॅप्स! अर्धा तास फाइलीतले स्वल्पविराम तपासले. फाइल बरोबरच होती. ग्नोम स्वतःची वेगळी यादी पाळतो. ट्वीक्स या ग्नोमच्या सेटिंग्जच्या अ‍ॅपमध्ये जाऊन तेच पर्याय पुन्हा टिक केले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

कंट्रोलसाठी करंगळी अजून खालच्या कोपऱ्याकडेच धावते. ते सवयीनं जाईल. खरी कटकट व्हिमची (हा मजकुराचा एडिटर, त्याला हुकूम इंग्रजी अक्षरांनी द्यायचे). मराठीत असल्याचं विसरून ओळ उडवायला डी-डी दाबतो, त्याला मिळतात दोन हलन्त, ओळ जागची हलत नाही. मराठी चालू असताना स्क्रोल लॉकचा दिवा पेटवायचा एक पर्याय त्याच यादीत दिसतोय. रविवारी बघतो.