पीठ फुगेपर्यंत बसून राहायचं

पहाटे पाचला पोटरीत गोळा आला आणि जाग आली. आता ही रोजचीच गोष्ट झालीये, त्यामुळे घाबरायला होत नाही. पाय सरळ करायचा, पायाची बोटं आपल्याकडे ओढायची आणि गोळा सुटेपर्यंत थांबायचं. गोळा सुटला पण झोप काही परत आली नाही, म्हणून उठले, फ्रीजमधून काल रात्री भिजवून ठेवलेलं ब्रेडचं पीठ काढलं, टिनमध्ये घातलं, वर ओलं फडकं टाकलं आणि आता ते फुगेपर्यंत इथे लिहीत बसलेय. गरोदरपणाचा एकतिसावा आठवडा संपला काल.

खूप दिवस लिहायचं होतं की या दिवसांत बेकिंगने मला कसं सांभाळलं, पण खरं सांगायचं तर सुरुवातीचे तीन महिने मी ओव्हनकडे बघितलंसुद्धा नाही. बटर वितळल्याचा वास, जो मला जगात सगळ्यात जास्त आवडायचा, तोच असा अंगावर यायचा की मी दुसऱ्या खोलीत जाऊन खिडकी उघडून उभी राहायचे. यीस्टचा तर विषयच नको. त्या काळात उशाशी कोरड्या टोस्टचा डबा असायचा, सकाळी डोळे उघडले की अंथरुणातच दोन टोस्ट खायचे, दहा मिनिटं तशीच पडायचे आणि मगच उठायचे, कारण रिकाम्या पोटी उठलं की मळमळ दुप्पट. तेव्हा वाटायचं की आपली आवड गेली, आता ती परत येणारच नाही. त्याचंही रडू यायचं, कोणाला सांगणार, वास आवडत नाही म्हणून रडते म्हणून? आता जी कोणी त्या आठवड्यांमध्ये असेल तिला एवढंच सांगते की बहुतेकींचं ते जातं, माझं सतराव्या आठवड्यात गेलं, एका दुपारी अचानक केळ्याच्या ब्रेडची इतकी इच्छा झाली की मी तेव्हाच्या तेव्हा ओव्हन लावला.

आणि तिथेच चुकले. इतक्या दिवसांनी हुरूप आला होता ना, म्हणून एकाच दिवशी केळ्याचा ब्रेड, मग कुकीज, मग ओटा आवरणं, मग भांडी असं सलग अडीच तास उभी राहून केलं, मध्ये पाणीसुद्धा प्यायले नाही, आणि ओव्हनचं दार उघडल्यावर गरम वाफ तोंडावर आली तशी डोळ्यापुढे अंधारी आली. पडले नाही, ओट्याला धरून खाली बसले. नवरा घरात होता म्हणून बरं, त्याने ओव्हन बंद केला, पाणी दिलं आणि मला डाव्या कुशीवर झोपवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं की या काळात रक्तवाहिन्या सैल होतात, बीपी थोडं खाली येतं, त्यात खूप वेळ एका जागी उभं राहिलं की रक्त पायात साठतं आणि डोक्याकडे कमी जातं. शेवटच्या महिन्यांपर्यंत अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं म्हणे, आणि ते सगळं हृदयाला फिरवायचं असतं. तिथल्या नर्सताई बीपी घेताना म्हणाल्या, "अगं, तू नुसती बसलेली असलीस तरी तुझं शरीर कामच करत असतं." हे वाक्य मी घरी घेऊन आले.

कारण मला बसायला जमायचंच नाही. बसलं की अपराधी वाटायचं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग बसून करण्यासारखं काहीतरी कर की." तिथून सगळं बदललं. स्वयंपाकघरात एक उंच स्टूल आणलं, पाठीला टेकू असलेलं, आणि मी केक कमी करून ब्रेडकडे वळले. केकला घाई असते, पीठ कालवलं की लगेच ओव्हनमध्ये जायला हवं, नाहीतर बेकिंग सोड्याची हवा निघून जाते. ब्रेडचं तसं नाही, ब्रेडचं बरंचसं काम तुम्ही काही करत नसताना होतं. पाच मिनिटं हात लावायचा आणि दोन तास सोडून द्यायचं. जणू कोणीतरी माझ्यासाठी विश्रांतीचं टाइमटेबलच लिहून दिलं होतं.

माझी रीत सांगते, अगदी साधी आहे. ३०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम गव्हाचं पीठ, ८ ग्रॅम मीठ, अर्धा छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट आणि साधारण २८० मिली पाणी. मोठ्या भांड्यात चमच्याने कालवायचं, मळायचं नाही. मळायचं नाही हे महत्त्वाचं, कारण माझी मनगटं सकाळी सुजलेली असतात आणि बोटांना मुंग्या येतात. पिठाला पाणी आणि वेळ मिळाला की ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारी जाळी, आपोआप तयार होतं, मळण्याने ते फक्त लवकर होतं. झाकून अर्धा तास ठेवायचं, मग हात ओला करून चारी बाजूंनी पीठ ओढून मध्ये दुमडायचं, असं दोनदा, मध्ये पुन्हा अर्ध्या तासाची सुट्टी. एकूण दोन तास बाहेर आणि मग रात्रभर फ्रीजमध्ये. थंडीत यीस्ट हळू चालतं म्हणून सकाळी मला उशीर झाला तरी पीठ बिघडत नाही, आणि या सावकाशीने ब्रेडला चवही जास्त चांगली येते. सकाळी टिनमध्ये घालून दोनेक तास फुगू द्यायचं आणि २२० डिग्रीवर ३५ ते ४० मिनिटं भाजायचं.

त्या मधल्या सुट्ट्यांमध्ये मी काय करते, तर पाय उशीवर ठेवून पडते. टायमर लावलेला असतो त्यामुळे डोळा लागला तरी चिंता नाही. आणि गंमत अशी की बाळाची हालचाल मला याच वेळी सगळ्यात जास्त कळते, चालता फिरता ते शांत असतं आणि मी पडले की सुरू होतं. एकदा शेजारीच मिक्सर चालू केला तर पोटात असं दचकलं की माझाच हात थांबला, ऐकतंय ते, खरंच ऐकतंय! तेव्हापासून मिक्सर लावायच्या आधी मी पोटावर हात ठेवून सांगते, आता आवाज होणारे हं. डॉक्टरांनी सांगितलंय की अमुक इतक्या लाथा मोजायच्या असा आकडा डोक्यात ठेवू नको, तुझ्या बाळाची रोजची पद्धत ओळख, आणि ती कमी झाली किंवा वेगळी वाटली तर उद्यापर्यंत थांबू नको, त्याच दिवशी फोन कर, रात्र असली तरी. पिठाच्या सुट्ट्यांमुळे मला ही पद्धत चांगली ओळखीची झालीये.

एक सवय मात्र मोडावी लागली आणि ती मोडताना जड गेलं, कच्चं पीठ चाटायची. लहानपणापासून केकचं भांडं चाटल्याशिवाय मला केक झाल्यासारखाच वाटला नाही. अंडं कच्चं असतं हे माहीत होतं, त्यात साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, पण कच्चा मैदासुद्धा धोक्याचा असतो हे मला याच वर्षी कळलं. मैदा आपल्याला कितीही स्वच्छ, कोरडा दिसला तरी तो कच्चाच असतो, शेतातून आलेल्या धान्याचा, आणि त्यात ई-कोलायसारखे जंतू असू शकतात जे भाजल्यावरच मरतात. म्हणून आता भांडं लगेच पाण्यात आणि हात साबणाने.

अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आत साखरेची तपासणी झाली, ते गोड पाणी पिऊन करतात ती. रिपोर्ट ठीक होता पण अगदी काठावर, त्यामुळे डॉक्टर म्हणाल्या गोडाकडे जरा लक्ष ठेव. मी दोन दिवस उदास होते, वाटलं आता हेही गेलं. मग केळ्याचा ब्रेड हळूहळू बदलला. तीन काळी पडलेली, अगदी मऊ केळी, साखर निम्म्याहून कमी, मैद्यात अर्धं गव्हाचं पीठ आणि मूठभर अक्रोड. साखर कमी केली की ब्रेड कोरडा होतो, कारण साखर ओलावा धरून ठेवते, म्हणून दोन मोठे चमचे दही घालते, दह्याच्या आंबटपणाने सोडाही छान फुलतो. केळ्यात स्वतःची साखर असतेच, त्यामुळे एकच तुकडा खाते, सोबत उकडलेलं अंडं, आणि त्यानंतर पंधरा मिनिटं चालते. हे चालणं मला फार आवडायला लागलंय, नवरा पण येतो आणि दिवसभरातलं आमचं खरं बोलणं तेव्हाच होतं.

संध्याकाळी मात्र चॉकलेटचं काही करायचं सोडलं. पित्त. छातीत असं जळजळायचं की अर्धी रात्र बसून काढायचे. हार्मोन्समुळे पोटाच्या वरची झडप सैल होते आणि आता तर बाळ खालून ढकलतंय, त्यामुळे रात्रीचं जेवण थोडं आणि झोपायच्या तीन तास आधी. कॉफी दिवसाला एकच, कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं असतं आणि त्यात चहा, चॉकलेट सगळं धरायचं. आयर्नच्या गोळीच्या आसपास तर चहा-कॉफी नाहीच, गोळी संत्र्याच्या रसाबरोबर घेते.

गेल्या आठवड्यात आमचं भांडण झालं. मला अचानक घर आवरायची अशी काही उबळ आली होती, सगळी कपाटं रिकामी करून पुसली, ओव्हनसुद्धा. (त्याला उग्र वासाचा स्प्रे नाही वापरला, सोडा आणि पाण्याची पेस्ट रात्रभर लावून ठेवली, सकाळी ओल्या फडक्याने सगळं सुटून आलं.) आणि मग वरच्या फळीवरचे केकचे टिन काढायला मी खुर्चीवर चढले. तो तेवढ्यात आला. इतका चिडलेला मी त्याला कधीच बघितलं नव्हतं. मीही चिडले, म्हटलं मी काय काचेची आहे का. दोघं संध्याकाळभर बोललो नाही. पण त्याचं बरोबर होतं, पोट वाढलं की तोल बदलतो, सांधेही सैल झालेले असतात, खुर्चीवर चढायची ही वेळ नाहीच. सकाळी उठून बघते तर सगळे टिन, वजनकाटा, मैद्याचा मोठा डबा, सगळं खालच्या कपाटात, माझ्या कमरेच्या उंचीवर नीट लावलेलं. त्याने ते रात्री कधी केलं मला कळलंही नाही.

स्वतःची काळजी म्हणजे आधी मला फेसपॅक, क्रीम असलंच काहीतरी वाटायचं. क्रीम उलट एक कमी झालं, रेटिनॉलवालं, ते या काळात चालत नाही. आता काळजी म्हणजे ते स्टूल, पाण्याची भरलेली बाटली, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन कुशीवर झोपणं, आणि काही वेगळं वाटलं की मनात न ठेवता बोलणं. माझ्या मैत्रिणीला तळहात आणि तळपाय खूप खाजायचे, ती कोरडी त्वचा म्हणून तेल लावत राहिली, शेवटी रक्त तपासलं तर लिव्हरचा त्रास निघाला. वेळेत कळलं म्हणून सगळं नीट झालं. तसंच जोराची डोकेदुखी, डोळ्यापुढे चमकणं, चेहरा आणि हात एकदम सुजणं, हे दिसलं तर लगेच डॉक्टर, घरगुती उपाय करत बसायचं नाही. आणि मन सुद्धा. दोन आठवडे सतत उदास वाटत असेल तर तेही सांगायचं, तपासणीला गेल्यावर तेही तितकंच महत्त्वाचं आहे.

फ्रीझरमध्ये सध्या दोन ब्रेड आणि एक केळ्याचा ब्रेड आहे, कापून, प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळून. साध्या फ्रीजमध्ये ब्रेड लवकर शिळा होतो पण फ्रीझरमध्ये छान राहतो, तुकडा थेट टोस्टरमध्ये टाकायचा. बाळ आल्यावर मध्यरात्री एका हाताने खाता येईल असं काहीतरी हवं ना. अजून दोन करायचेत, छत्तिसाव्या आठवड्याच्या आत.

पीठ टिनच्या काठाला आलं होतं, मध्ये उठून ओव्हनमध्ये ठेवून आले. घरभर वास सुटलाय. टायमर वाजला तेव्हा तो डोळे चोळत आला आणि मला उठूच न देता त्यानेच टिन बाहेर काढलं, खालून टकटक करून बघितलं, पोकळ आवाज आला म्हणजे झालाय. कापायला अजून तासभर तरी आहे, गरम कापला की आत चिकट लागतो. तोवर मी डाव्या कुशीवर जरा पडते, बाळही जागं झालंय.